स्मृतिचित्रे आणि आपली स्मरणिका

गेली दोन वर्षं मी आपल्या मंडळाच्या स्मरणिकेच्या संपादन समितीत आहे. समिती म्हटलं की भारदस्त वाटतं, पण प्रत्यक्ष काम म्हणजे लोकांच्या मागे लागून लेख मिळवणं, ऱ्हस्व-दीर्घ बघणं आणि जाहिरातींच्या मधल्या जागेत लेख बसवणं. या निमित्ताने एक मात्र झालं. आलेला प्रत्येक लेख मला अथपासून इतिपर्यंत वाचावा लागला, तोही तीन-तीनदा. तिसऱ्या वाचनात लक्षात आलं की निम्म्याहून अधिक लेखांतली आजी एकच आहे. ती नऊवारी नेसते, देवघरासमोर वाती वळते, तिच्या हाताला चव आहे आणि तिच्या गोधडीला विशिष्ट वास आहे. आजोळी विहीर आहे, आंब्याची अढी आहे, आणि शेवटच्या परिच्छेदात लेखक विमानात बसतो व त्याचे डोळे पाणावतात. नागपूरच्या लेखातली आजी उचलून रत्नागिरीच्या लेखात ठेवली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. फार तर संत्र्याच्या जागी आंबा करावा लागेल.

दुसऱ्यांना नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. याच स्मरणिकेत काही वर्षांपूर्वी मी स्वतः ‘आईच्या पुरणपोळ्या’ नावाचा लेख लिहिला होता. कार्यक्रमाच्या दिवशी जेवणाच्या रांगेत लोकांनी गाठून कौतुक केलं, मीही खूश झालो आणि अंक पुण्याला आईकडे पाठवून दिला. आठवड्याने फोनवर ती म्हणाली, “छान लिहिलंयस रे. पण मला पुरणपोळी कधी धड जमली नाही. माझी फुटायची. होळीला तुझी आत्या यायची, ती करायची. मी नुसतं पुरण वाटून द्यायचे.”

मी हसलो, पण ते मनात राहिलं. ज्या घरात मी बावीस-तेवीस वर्षं जेवलो, त्या घरात पोळी कोण लाटत होतं हे मला आठवत नव्हतं. मला आठवलं होतं ते परदेशातल्या मराठी मुलाला आपल्या आईबद्दल जे आठवायला हवं, ते. आत्या तर लेखातून पार गायबच झाली होती.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं हे पुस्तक भाजणी आणि मेतकुटाच्या पिशव्यांमध्ये बसून न्यू जर्सीला आलं आणि कितीतरी वर्षं कपाटात राहिलं. शाळेत असताना त्यातला उतारा अभ्यासाला होता, तेवढ्यावर ‘वाचलंय’ असं मी समजत होतो. २०२० साली आपण सगळे घरात अडकलो तेव्हा ते खाली काढलं. त्यानंतर आजवर तीनदा वाचून झालं आहे. आपल्या स्मरणिकेतल्या लेखांत (माझ्या लेखात आधी!) नेमकं काय कमी पडतं, हे या पुस्तकाने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं कुठल्या समीक्षेच्या पुस्तकाने दाखवलं नसतं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) माहेरच्या गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. कळत्या वयाच्या आधीच लग्न झालं ते कवी नारायण वामन टिळकांशी. टिळक विद्वान, प्रेमळ, हातात पैसा न टिकणारे, एका क्षणात भडकणारे आणि न सांगता घरातून निघून जाणारे. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि एका कर्मठ घरातली ही बाई नवरा जिवंत असून एकटी पडली. काही वर्षं नातेवाइकांकडे, पंढरपूरला वगैरे काढल्यावर ती मुलाला घेऊन नवऱ्याकडे गेली, आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळी ठेवून राहिली, आणि पुढे १९०० साली स्वतःच्या गतीने, स्वतःचं मन तयार झाल्यावर तिनेही बाप्तिस्मा घेतला. ही सगळी हकिकत १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आली.

आता हा ऐवज एखाद्या सिनेमावाल्याच्या हाती दिला तर तो पहिल्या दहा मिनिटांत आपल्याला रडवेल. लक्ष्मीबाई हसवतात. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं आणि त्या वेडापायी घरातल्या बायकामुलांचे हाल होत. हे वेड कुठून आलं तेही त्या सांगतात. त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने जावयाच्या मनाने सोवळ्याचा आसरा घेतला. एवढं सांगून त्या पुढे जातात. वडिलांना दुष्ट ठरवत नाहीत आणि बिचारेही म्हणत नाहीत. इतिहासाच्या पुस्तकातली फाशी एका घरातल्या पाण्याच्या हंड्यापर्यंत कशी येऊन पोचते, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

या पुस्तकाची पहिली मोठी गोष्ट हीच. धर्मांतर ही त्या काळातली केवढी वादळी घटना! पण लक्ष्मीबाई त्याबद्दल धर्मशास्त्राच्या भाषेत बोलत नाहीत. पाणी कुणाच्या हातचं, स्वयंपाक कुणाचा, जेवायला शेजारी कोण, या घरगुती प्रश्नांतून त्यांचं मन एकेक पाऊल कसं सरकलं ते त्या सांगतात. आपल्या लेखांत वस्तू सजावटीसाठी येतात. पाटा, वरवंटा, कंदील, सगळं एका ओळीत मांडून ठेवलेलं, एखाद्या मराठी थीम रेस्टॉरंटच्या भिंतीसारखं. लक्ष्मीबाईंच्या घरात भांडं येतं ते त्याच्यावरून भांडण झालेलं असतं म्हणून.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या स्वतःला सोडत नाहीत. आपली भीती, आपलं अज्ञान, आपला हट्ट, फजिती, सगळं त्या मोकळेपणाने सांगतात, आणि मग त्याच हिशोबाने टिळकांचंही सांगतात. रागाचं आणि मायेचं एकाच दमात येतं. टिळकांचा मोठेपणा त्यांना पुरेपूर माहीत आहे, पण त्या मोठेपणाचा खर्च कुणाच्या खिशातून झाला तेही माहीत आहे. नवऱ्यावर इतकं प्रेम आणि इतकी तक्रार एकत्र असलेलं दुसरं मराठी पुस्तक मला तरी ठाऊक नाही.

पुस्तकात दोष नाहीत असं नाही. माणसं ओळख न देता येतात नि जातात, कोण कुणाचा कोण हे कळायला मागची पानं उलटावी लागतात. सालं-महिने शोधत बसलात तर वैताग येईल. लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली आवृत्ती म्हणूनच मोलाची आहे. पण गप्पांतला हा विस्कळीतपणा काढून टाकला असता तर बोलण्याचा आवाजही गेला असता, असं मला वाटतं.

इथे कुणी ‘श्यामची आई’ची आठवण काढेल. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आपल्यातल्या बहुतेकांबरोबर इथे आलेलं आहे, निदान आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाच्या रूपात. आपल्या स्मरणिकेतल्या सगळ्या आया तिथूनच निघाल्या आहेत असा माझा दावा आहे. पण त्यात गुरुजींचा काही दोष नाही. आपण ते पुस्तक अर्धंच लक्षात ठेवलं. श्यामच्या तळव्यांना घाण लागू नये म्हणून पदर पसरणारी आई आपल्याला आठवते. पोहायला घाबरून लपणाऱ्या त्याच श्यामला मारून पोहायला धाडणारी आई आपण सोयीने विसरतो. गुरुजींनी दोन्ही लिहिल्या आहेत. आपण दुसरी गाळली, आणि मग पहिलीला चेहराच उरला नाही.

तुम्ही म्हणाल, लक्ष्मीबाईंचं आयुष्यच असाधारण होतं. आमच्या घरात कुणी कवी नाही, धर्मांतर नाही. सकाळी डबे भरायचे, संध्याकाळी मुलांना पोहण्याच्या क्लासला सोडायचं, रविवारी कॉस्टको. यात लिहिण्यासारखं काय आहे?

याला उत्तर म्हणून मी बहिणाबाईंचं नाव घेईन. जळगावजवळच्या आसोद्याची, १८८० साली जन्मलेली, तरुणपणीच विधवा झालेली शेतकरी बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची गाणी जात्यावर, चुलीपाशी, शेतात सुचलेली, आणि विषय तेच: घरोट, मोट, पेरणी, सुगरणीचा खोपा. म्हणजे त्या काळातलं डबे भरणंच. ती अडाणी असूनही कवयित्री झाली, असं आपण कौतुकाने म्हणतो. मला वाटतं, तिने हातातल्या कामाकडे जितकं नीट पाहिलं तितकं आपण आपल्या कामाकडे पाहत नाही, एवढाच फरक आहे.

आणि ती एकटी नव्हती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांपुढे येत आहेत. त्यांचं वैशिष्ट्य असं की ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. तिथली आजी कुठल्याही गावची आजी नसते.

दुसऱ्या टोकाला इरावती कर्वे. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या, माणसांची मोजमापं आणि नातेसंबंध अभ्यासणाऱ्या विदुषी. त्यांचं ‘परिपूर्ती’ १९४९ चं. त्याच नावाच्या लेखात एका समारंभात त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, पत्नी अशी करून दिली जाते आणि काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहतं. ते पुरं होतं रस्त्यावरच्या शाळकरी पोरांच्या बोलण्याने, कारण त्यांच्या लेखी ती वर्गातल्या मुलाची आई असते. परदेशी पदवी असलेल्या आपल्यासारख्यांनी हा लेख जरूर वाचावा. घरातला एक साधा क्षण पकडण्यात विद्वत्तेची अडचण होत नाही, हे त्यात दिसतं.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. लक्ष्मीबाई आणि बहिणाबाई, दोघींच्या पुस्तकांमागे एक मुलगा आहे. देवदत्त टिळकांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणींचा आग्रह धरला, त्यातून ‘स्मृतिचित्रे’ निघालं. सोपानदेव चौधरी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी बहिणाबाईंच्या तोंडची गाणी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. वहीत उतरलं तेवढंच आज आपल्याकडे आहे. शेतात एकटीने म्हटलेलं गाणं वाऱ्याबरोबर गेलं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, तरी आईचं ऐकायला बसले, याचं मला सर्वात जास्त कौतुक वाटतं.

मी बसलो होतो का? हे सांगताना जरा लाज वाटते. माझा व्यवसाय आयटी कन्सल्टिंगचा. लोकांचा डेटा सुरक्षित राहावा म्हणून सल्ला देण्याचे मी पैसे घेतो. रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे, हे वाक्य मी प्रत्येक क्लायंटला ऐकवतो. २०१४ साली बाबा इथे आले असताना एका दुपारी मी फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. ते पोस्टात होते. बदल्यांच्या गावांची, मनीऑर्डरी वाटण्याची हकिकत, चाळीसएक मिनिटांची. पुढे फोन बदलला, फोटो नव्या फोनवर आले, रेकॉर्डिंग आलं नाही. लक्षात आलं तेव्हा जुना फोन देऊन टाकला होता. २०१६ साली बाबा गेले. आज माझ्याकडे वीस हजारांच्या वर फोटो आहेत. त्यांपैकी शंभरएक फोटोंत बाबा आहेत, सगळीकडे हसत, कुठल्यातरी धबधब्यापुढे किंवा पुतळ्यापुढे. त्यांचा आवाज नाही.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली तेव्हा ठरवलं की या वेळी विचारायचं. ती अठ्ठ्याहत्तरची झाली आहे. अलीकडे मधूनच एखादं नाव विसरते. पहिल्या दिवशी मी समोर फोन ठेवून म्हटलं, “आई, जुन्या आठवणी सांग ना.” ती पदर सारखा करून बसली आणि म्हणाली, “काय सांगायचं? सगळं छानच होतं. माणसं चांगली होती.” पाच मिनिटांत संपलं. तो माझ्या जुन्या लेखासारखाच लेख झाला असता.

मग लक्ष्मीबाईंची युक्ती आठवली. मोठं विचारायचंच नाही, भांड्याकुंड्यांचं विचारायचं. दुसऱ्या दिवशी ती भाजी निवडत असताना विचारलं, “कराडला आपल्याकडे पाणी कुठून यायचं गं?” आणि आई सुरू झाली. नळ होता पण पाणी नव्हतं. आड दोन गल्ल्या पलीकडे. घरमालकीण आडाचा दोर लपवून ठेवायची. माझी तेरा वर्षांची मुलगी शेजारी गृहपाठ करत होती. तिने मान वर करून विचारलं, “आजी, तू आजोबांवर मॅड व्हायचीस का?”

आईला आधी कळलं नाही. “वेडी? हो, थोडी वेडीही होते,” असं म्हणून हसली. मग मुलीने समजावलं की राग, राग यायचा का?

हा प्रश्न मी सेहेचाळीस वर्षांत विचारला नव्हता. आई बराच वेळ गवारीच्या शिरा काढत राहिली. मग तिने सांगितलं. १९८१ साली ती बालवाडीत शिकवत होती आणि जूनपासून तिला कायम करणार होते. त्याच जूनमध्ये बाबांची बदली झाली. “त्यांनी नोकरी सोड असं म्हटलं नाही. काही म्हटलंच नाही. संध्याकाळी येताना नवी ट्रंक घेऊन आले. राग? फार यायचा. वर्षभर मी त्या ट्रंकेला हात लावला नाही.” आणि लगेच पुढे, “पण कराडला रोज पोस्टातून आल्यावर आडावरून दोन कळश्या तेच आणायचे. पोस्टमास्तर असून. लोक हसायचे. मला कधी जाऊ दिलं नाही.”

मी सोफ्यावर बसलो होतो आणि माझ्या डोक्यात ‘स्मृतिचित्रे’ चालू होतं. ट्रंक आणि दोन कळश्या. यातली कुठलीही एक गोष्ट गाळली असती तर बाबा एकतर देव झाले असते किंवा दुष्ट. आईने दोन्ही एकाच दमात सांगितल्या, आणि गेल्या नऊ वर्षांत पहिल्यांदा मला बाबा दिसले.

घरातलं असं बाहेर सांगावं का, हा प्रश्न रास्त आहे. १९९० साली सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा यावर मोठी चर्चा झाली होती आणि अजूनही होते. माझ्यापुरतं उत्तर असं की ज्याची हकिकत त्याला विचारावं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, “लिही. पण त्या घरमालकिणीचं नाव घालू नकोस. तिची मुलगी अजून आहे कराडला.” सगळं छापायचीही गरज नाही. लिहून, ऐकून ठेवलेलं घरात राहिलं तरी चालतं. पण न विचारलेलं मात्र कुठेच राहत नाही.

माझ्या मुलीने रविवारच्या मराठी शाळेत ‘दोन कळश्या’ नावाचं दीड पान लिहिलं. कळशी म्हणजे काय हे वर्गाला समजावताना तिला फळ्यावर चित्र काढावं लागलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या, पण त्यातली आजी दुसऱ्या कुणाची असू शकत नव्हती.

तर पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवणाऱ्यांना समितीतर्फे नव्हे, माझ्यातर्फे एक विनंती. लेख पाठवण्याआधी तो ज्यांच्याबद्दल आहे त्यांना, किंवा त्यांना ओळखणाऱ्या कुणाला तरी, वाचून दाखवा. हा लेख मी आईला फोनवर वाचून दाखवला. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. ट्रंक नवी नव्हती, कुणाकडून तरी जुनी घेतली होती. ती दुरुस्ती मी मुद्दाम वर केलेली नाही, कारण तिने सांगितलं तेव्हा ‘नवी’ असंच सांगितलं होतं आणि ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, दोन ठिकाणी, उघडून तपासलेलं.

दुसरी दुरुस्ती अशी, की आत्याच्या पुरणपोळ्यांचं लिहिलंच आहे तर तिच्या कटाच्या आमटीचंही लिहायला हवं होतं.